दहापर्यंत मोजायचं

सोमवारी सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी शहरात पुराचे भोंगे वाजले, तेव्हा धरणात पाणी गुडघाभर होते. हे भोंगे जिथून वाजतात त्या नियंत्रण खोलीत त्या वेळी एकच माणूस होता आणि तो दोन्ही हातांनी डब्याची पिशवी खुंटीला अडकवत होता.

या माणसाला सगळे ‘जपून’ म्हणत. खोलीतून जो कोणी बाहेर पडेल त्याला तो दारापर्यंत सोडायला येई आणि "जपून" म्हणे. बाहेर सपाट अंगण असले तरीही. जिना उतरताना तो कठडा धरी आणि धरण्याआधी हलवून पाही. शहराचे चार भोंगे अशा माणसाच्या हाती देण्यात वरिष्ठांचा हिशेब सरळ होता. घाबरट माणूस उगाच काही दाबत नाही.

आजही त्याने काही दाबले नव्हते. निदान भोंग्याचे तरी नाही.

खोलीत यंत्रे दोनच. फळीवर एक राखाडी खोका होता. त्याच्या पोटात शेल नावाचा प्रोग्राम बसलेला असे. माणसाने दिलेली आज्ञा घ्यायची आणि पुढे पोचवायची एवढे त्याचे काम. खाली टेबलावर पडदा आणि त्याला जोडलेला कळफलक. कागदोपत्री याला टर्मिनल म्हणत, पण खोलीत ‘खोका’ आणि ‘पडदा’ एवढेच शब्द चालत. खोका सुरू झाला की पडद्यावर यादी येई. एक दाबले की पाण्याची पातळी, दोन दाबले की दरवाज्यांची स्थिती, असे करत करत सहा दाबले की चारही भोंगे. सहा दाबल्यावर यंत्र विचारी, ‘खात्री असेल तर २ दाबा.’ म्हणजे चुकून भोंगा वाजायला माणसाला दोनदा चुकावे लागे, तेही ठरावीक क्रमाने.

अकरा वर्षे ही दोन्ही यंत्रे एकदाही बंद झाली नव्हती. पण गेल्या आठवड्यात परिपत्रक आले: धरण कोरडे असेपर्यंत विजेची बचत करावी, सर्व यंत्रे संध्याकाळी बंद करून सकाळी सुरू करावीत. यंत्रे नव्याने सुरू करायची ही पहिलीच सकाळ. दोन्ही बटणे भिंतीवर शेजारी शेजारी होती. जपूनने ती दोन बोटांनी एकदम दाबली, पिशवी उचलली, खुंटीकडे गेला आणि सहज मान वळवली. पडद्यावर यादी आली होती. यादीखाली आपोआप ६ उमटला. मग २.

तो टेबलावर झेपावला आणि त्याने शून्य दाबले. शून्य म्हणजे थांबा. परंतु भोंगा एकदा सुरू झाला की पूर्ण तीन मिनिटे वाजूनच थांबे, कारण इशारा अर्धवट देऊ नये असे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे मत होते. जपून तीन मिनिटे शून्य दाबत राहिला. पडदा शून्यांनी भरून गेला.

चौथ्या मिनिटाला फोन वाजला. विभागाचे साहेब होते.

"भोंगे का वाजले?"

"वाजले, साहेब."

"ते मलाही ऐकू आलं. मी अर्ध्या दाढीचा साबण घेऊन टेकडीवर उभा आहे. का वाजले?"

"सहा दाबला गेला आणि मग दोन."

"तुम्ही दाबलात?"

"नाही, साहेब."

"खोलीत आणखी कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग दाबलं कोणी?"

"कोणीच नाही."

पलीकडे साहेबांनी श्वास घेतला. "कोणीच नाही. हे मी अहवालात लिहू?"

जपून पडद्याकडे पाहत होता आणि त्याला वाटत होते की पडदाही आपल्याकडे पाहतो आहे.

त्याची बायको नदीकाठच्या शाळेत शिकवत असे. भोंगा वाजल्याबरोबर तिने बेचाळीस मुलांची रांग करून टेकडी गाठली होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि आवाज बसला होता.

"एकही मूल मागे राहिलं नाही," ती म्हणाली. "सगळ्यात लहान होतं ते मी कडेवर घेतलं. वर जाऊन बघते तर नदीत म्हशी बसलेल्या. उभ्यासुद्धा नाही, बसलेल्या. अहो, तुम्ही काय केलंत?"

"मी काही केलं नाही गं. ते आपणहून उमटलं."

"आपणहून?"

"माझ्या डोळ्यांदेखत. जसं कोणी माझ्या खुर्चीत बसून दाबतंय."

बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

हा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते गृहस्थ त्याच घरात राहत, कारण ते तिचे वडील होते. बाबा सहा वर्षांपूर्वी नियंत्रण खोलीतून निवृत्त झाले. माणूस अत्यंत हुशार, पण कोणत्याही प्रश्नाचे उत्तर लगेच देणे त्यांना मान्य नव्हते. प्रश्न आत जाई, तिथे त्याची चौकशी होई आणि उत्तर निघेपर्यंत विचारणारा बहुधा पुढच्या प्रश्नावर गेलेला असे. एकदा मुलीने विचारले, "बाबा, चहा टाकू?" आणि वाट न पाहता लगेच, "या जुन्या चपला टाकून देऊ?" बाबा "हो" म्हणाले. पुढचे दोन दिवस ते अनवाणी फिरले आणि चहाही मिळाला नाही. तेव्हापासून घरात नियम होता की बाबांना एका वेळी एकच विचारायचे आणि थांबायचे. घाईत तो सगळेच विसरत.

त्या संध्याकाळी जेवताना जपूनने विचारले, "बाबा, तुमच्या वेळी सकाळी यंत्रं सुरू करताना काय करायचात?"

बाबा घास चावत राहिले.

"त्यांना जेवू द्या," बायको म्हणाली. "बाबा, यांचे हात बघा कसे कापतायत. चमचा वाजतोय ताटावर. आता तुम्हीच सांगा, माणसाला इतकी भीती वाटली तर त्याने करायचं काय?"

बाबांनी घास गिळला, पाणी प्याले आणि म्हणाले, "दहापर्यंत मोजायचं. सावकाश."

"ऐकलंत?" बायको म्हणाली. "साधा उपाय आहे. उद्यापासून करा."

जपूनने दुसऱ्या दिवसापासून केला. सकाळी त्याने पडद्याचे बटण दाबले. खोक्याच्या बटणावर बोट ठेवले आणि बोट इतके थरथरले की बटणाखालची भिंत वाजू लागली. त्याने डोळे मिटून मोजले. एक, दोन, तीन. दहा झाल्यावर बोट जरा शांत झाले, तेव्हा त्याने खोका सुरू केला. यादी आली. यादीखाली काही उमटले नाही. बुधवारीही नाही, गुरुवारीही नाही.

शुक्रवारी विभागाने यंत्रवाल्या ताईंना पाठवले. या बाई ठेंगण्या, तोंडाच्या फटकळ आणि कानामागे पेन्सिल खोचलेल्या होत्या. ती पेन्सिल लिहिण्यापेक्षा चावायलाच जास्त वापरली जाई.

"तर जपूनभाऊ, तुमच्याकडे भूत येतं म्हणे."

"मी भूत म्हणालो नाही."

"साहेबांनी अहवालात ‘कोणीच नाही’ लिहिलंय. कचेरीत सगळे विचारतायत, हा ‘कोणीच नाही’ कायम आहे का हंगामी? बरं, रोज करता तस्सं करा. मी पडद्याकडे बघत बसते."

बटणांना हात लावायचा अधिकार फक्त पाळीवरच्या माणसाला होता. तशी पाटीच भिंतीवर होती. जपून बटणांपाशी गेला. पाठीमागे अधिकारी बाई, समोर तीच दोन बटणे. त्याने पडदा सुरू केला, खोक्याच्या बटणावर बोट ठेवून ओठातल्या ओठात दहा आकडे मोजले आणि खोका सुरू केला. यादी स्वच्छ आली. दोन्ही बंद केले, पुन्हा केले. असे वीस वेळा झाले. दोन बटणांमध्ये हा गृहस्थ वेळ लावतो हे बाईंनी पाहिले. पण कठडा हलवून पाहणाऱ्या माणसाने बटणाला वेळ लावला यात त्यांना नवल वाटले नाही.

"यंत्र ठणठणीत आहे," जाताना त्या म्हणाल्या. "खोक्यात मी एक नोंद सुरू करून ठेवलीय. काय आलं, कधी आलं, सगळं टिपलं जाईल. आता ‘कोणीच नाही’ आला तर वेळेसकट सापडेल. आणि भाऊ, रागावू नका, पण पिशवी अडकवताना कोपर कुठे लागतं तेवढं बघत चला."

"जपून," जपून म्हणाला.

त्याला बरे वाटले. यंत्र ठणठणीत असल्याचे त्याने तीनदा मनात म्हणून पाहिले. पुढच्या आठवड्यात त्याची झोप सुधारली, हातांचे कापणे कमी झाले, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी तो चक्क गुणगुणत खोलीत शिरला. तेव्हा भीती अशी नव्हतीच. दोन बोटांनी त्याने दोन्ही बटणे एकदम दाबली.

यादी. ६. मग २.

या वेळी त्याने शून्य दाबले नाही. तीन मिनिटे तो खुर्चीच्या मागे, खुर्ची पुढे धरून उभा राहिला.

त्या संध्याकाळी बायको रागावली नाही. त्यानेच तो अधिक घाबरला. ती बराच वेळ वह्या तपासत बसली आणि मग वर न पाहता म्हणाली, "आज मुलं चालत गेली."

"म्हणजे?"

"पहिल्या वेळी पळाली होती. आज चालत गेली. दोघांनी तर अर्धं गणित पुरं करून घेतलं. एकाने मला विचारलं, बाई, दप्तर घ्यायचं का, लगेच परत येणारच आहोत ना?" तिने लाल पेनाचे टोपण लावले. "तिसऱ्या वेळी ती बसून राहतील. आणि तेव्हा खरंच पाणी आलं, तर बेचाळीस जणांना कडेवर घ्यायला मी एकटी आहे."

जपून त्या रात्री झोपला नाही. नोकरीची भीती त्याला होतीच, पण ती ओळखीची भीती होती. ही नवी होती आणि तिला बेचाळीस तोंडे होती.

साहेबांचा निरोप सकाळीच आला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी आठ वाजता ते स्वतः पाहणीला येणार होते. दोष यंत्रात आहे असे त्यांना डोळ्यांनी दिसले तर ठीक. नाही दिसले, तर दोष माणसात. मग माणसाची चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत खोलीला मोहर आणि भोंगे बंद.

"किती दिवस चालते हो चौकशी?" जपूनने यंत्रवाल्या ताईंना विचारले. त्या सकाळीच नोंद पाहायला आल्या होत्या.

"मागची दोन वर्षं चालली. ज्याची होती तो मधेच निवृत्त झाला."

"पण चार महिन्यांत धरण भरेल."

"धरणाला परिपत्रक पाठवा," ताई म्हणाल्या. पण पेन्सिल तोंडातून काढून. त्याही हसत नव्हत्या. नोंदीचा कागद त्यांनी टेबलावर पसरला. "भाऊ, मी तुमची माफी मागते. तुमचं कोपर निर्दोष आहे. हे बघा. यादी आली, आणि त्यानंतर एक सेकंद आणि थोडं वर गेल्यावर सहा आणि दोन आले. त्यांच्या मागेपुढे आणखी चिन्हं आहेत, कंस, प्रश्नचिन्ह, अर्धविराम. ती यादीला समजत नाहीत म्हणून तिने सोडून दिली. एवढी चिन्हं एका क्षणात कोणी माणूस दाबू शकत नाही. हे पडद्याने पाठवलंय."

जपूनने खुर्ची पडद्यापासून थोडी लांब सरकवली. "पडदा स्वतः बोलतो?"

"विचारलं तर बोलतो. शेल जागा झाला की पहिलं काम म्हणजे तो पडद्याला विचारतो, बाबा रे, तू कोणत्या जातीचा पडदा? तुला काय काय येतं? पडद्याने आपला ठरलेला क्रमांक सांगायचा. आपल्या पडद्याचा क्रमांक बासष्ट. पडदा जागा असेल तर उत्तर झटकन येतं, शेल ते टिपून घेतो आणि पुढे जातो. पण पडदा जर अजून डोळे चोळत असेल, तर शेल अर्धा सेकंद थांबतो, ‘जाऊ दे’ म्हणतो आणि यादी मांडतो. मग पडदा जागा होतो आणि इमानदारीत सांगतो, बासष्ट! आता कळफलकाची तार आणि पडद्याची तार एकच. शेलला काय कळणार हे कोण बोललं? त्याला वाटतं माणसाने सहा दाबलं. तो विचारतो, खात्री आहे? तर तोपर्यंत दोन येऊन उभा."

"म्हणजे उत्तर बरोबर आहे..."

"उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न मागचा आहे."

"असा एक माणूस आमच्या घरी आहे," जपून म्हणाला.

"पण मग हे रोज का होत नाही?" ताईंनी पेन्सिल पुन्हा तोंडात घातली. "दुरुस्ती दोन ओळींची आहे. उत्तर येईपर्यंत थांब, आणि यादी मांडायच्या आधी तारेत जे काही पडलं असेल ते फेकून दे. मी आत्ता लिहून देते. पण साहेबांचा हुकूम आहे की कारण सिद्ध झाल्याशिवाय प्रोग्रामच्या एका अक्षरालाही हात लावायचा नाही. आणि फोनवर या कागदाबद्दल सांगितलं तर म्हणाले, कागद मलाही छापता येतो. डोळ्यांनी दाखवा. चला, करा सुरू."

त्यांनी भोंग्यांच्या तारा काढून त्या जागी एक लाल दिवा लावला. सहा आणि दोन आले तर दिवा पेटणार. जपूनने यंत्रे सुरू केली, बंद केली, सुरू केली. पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत रोज हेच चालले. दिवा पेटला नाही. आजवर यंत्र बिघडेल म्हणून तो घाबरत होता. आता ते बिघडणार नाही म्हणून घाबरत होता. आणि जितका घाबरत होता तितके सावकाश मोजत होता.

गुरुवारी आठला साहेब आले. उंच, बारीक, हातात मोहरेची पेटी. प्रोग्रामचे कर्ते म्हणून बाबांना बोलावणे होते. त्यांना नियंत्रण खोलीपर्यंत आणायला बायकोने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. बाबा खुर्चीत बसले आणि इकडेतिकडे पाहू लागले. ही खोली त्यांना सहा वर्षांनी दिसत होती.

"दाखवा," साहेब म्हणाले.

जपूनने पडद्याचे बटण दाबले. दहा मोजले. खोका सुरू केला. यादी आली. दिवा विझलेलाच.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

"पुन्हा. शेवटची वेळ."

या वेळी जपूनने इतके सावकाश मोजले की सातव्या आकड्याला साहेबांनी घड्याळ पाहिले. यादी आली. दिव्याच्या काचेवर एक माशी बसली आणि उडून गेली.

"साहेब, नोंदीचा कागद..." ताईंनी सुरुवात केली.

"कागद पाहिला." साहेब बाबांकडे वळले. "आपण अनुभवी आहात, आपल्यालाच विचारतो. हा प्रोग्राम आपण लिहिलात?"

बाबा छताकडे पाहू लागले.

"यात काही दोष आहे का?"

बाबांची नजर छतावरून खोक्यावर आली.

"की चूक या माणसाची आहे?"

"हो," बाबा म्हणाले. स्वच्छ, ठाम आवाजात.

जपूनला आपल्या पायांखालची फरशी दिसत होती आणि ती लांब गेल्यासारखी वाटत होती. साहेबांनी मोहरेच्या पेटीची कडी उघडली.

"थांबा, साहेब!" बायको पुढे झाली. वर्गातला आवाज होता. साहेबांचा हात कडीवरच राहिला. "ते ‘हो’ पहिल्या प्रश्नाचं आहे. प्रोग्राम त्यांनी लिहिला, एवढंच ते म्हणाले."

"पण मी विचारलं तेव्हा..."

"तुम्ही थांबला नाहीत. आमच्या बाबांना एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. मी तर मनात मोजते. दहापर्यंत मोजायचं, साव..."

ती मधेच थांबली. जपूननेही मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"अगं," जपून म्हणाला, "त्या दिवशी जेवताना. मी आधी विचारलं होतं."

"आणि मी मागून," बायको म्हणाली.

जपून बाबांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला. "बाबा, तुम्ही जेवताना म्हणालात, दहापर्यंत मोजायचं. ते कशाबद्दल?"

मग तो गप्प बसला. बायको गप्प बसली. ताईंनी पेन्सिल चावायची थांबवली. साहेबांनी काही बोलायला तोंड उघडले, तर बायकोने त्यांच्याकडे असे पाहिले की ते मिटले. मधले दोन प्रश्न बाबांनी बहुधा नंतरसाठी ठेवले असावेत. कारण अकराव्या सेकंदाला ते म्हणाले,

"तू विचारलंस ना, सकाळी काय करायचं? पडदा लावायचा. दहा मोजायचे. मग खोका. पडद्याला उठायला वेळ लागतो. आम्ही रोज बंद करायचो तेव्हा रोज मोजायचो. मी लिहून ठेवलंय की दाराच्या मागे."

खोलीचे दार आत उघडे आणि दिवसभर भिंतीला टेकलेले असे. त्याच्या मागे कोणी जाण्याचे कारण नव्हते. ताईंनी ते ओढले. मागे पिवळा पडलेला कागद होता आणि त्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात तेच लिहिलेले होते. खाली रेघ मारून: ‘घाई करू नये.’

"म्हणजे तुम्ही..." ताई हळूहळू जपूनकडे वळल्या. "दोन बटणांच्या मधे तुम्ही मोजत होतात?"

"भीती वाटली की मोजतो."

"आणि ज्या दोन दिवशी भोंगा वाजला?"

जपूनने आठवले. "पहिल्या दिवशी भीती वाटायला काही कारणच नव्हतं. आणि दुसऱ्या वेळी मी गुणगुणत होतो."

"बाई गं!" ताई मटकन खुर्चीत बसल्या. "आठवडाभर मी बिघाड शोधतेय आणि हा माणूस माझ्यासमोर घाबरून घाबरून तो दुरुस्त करतोय!"

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग आता न मोजता करा."

जपूनने पडद्याचे बटण दाबले. दुसरे बोट पुढे नेले. ते खोक्याच्या बटणापासून अंगुळभर अंतरावर थांबले आणि थरथरू लागले. त्याचे ओठ आपोआप हलायला लागले.

"न मोजता म्हटलं मी."

"नाही जमत, साहेब. तुम्ही इथे उभे आहात."

"सरका," साहेब म्हणाले. पाटीकडे दुर्लक्ष करून त्यांनी पेटी मागच्या स्टुलावर ठेवली, दोन्ही यंत्रे बंद केली, मिनिटभर थांबले आणि दोन लांब बोटांनी दोन्ही बटणे एकदम दाबली. मग हात मागे बांधून ते पडद्यासमोर उभे राहिले.

यादी आली. यादीखाली ६ उमटला. मग २. लाल दिवा भक्कन पेटला.

साहेब एक पाऊल मागे आले आणि मोहरेच्या पेटीवर आदळले. पेटी खाली पडली.

"साहेब," ताई म्हणाल्या, "सहा तुम्ही दाबलात?"

"मी? माझे हात मागे आहेत!"

"मग कळफलकाजवळ आणखी कोण होतं?"

"कोणी नाही!"

"मग दाबलं कोणी?"

"कोणीच नाही!" साहेब ओरडले.

जपूनने घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो साहेबांशी आपणहून बोलला. आवाज मात्र अगदी हळू होता. "हे अहवालात लिहायचं का, साहेब?"

दुपारपर्यंत ताईंनी त्यांच्या दोन ओळी प्रोग्राममध्ये घातल्या आणि भोंग्यांच्या तारा परत जोडल्या. आता शेल पडद्याचे उत्तर येईपर्यंत थांबत असे आणि उशिरा आलेले काही तारेत पडलेच, तर यादी मांडण्याआधी फेकून देत असे. साहेबांनी मोहर न वापरता पेटी परत नेली. जाताना जपून त्यांना दारापर्यंत सोडायला गेला आणि "जपून" म्हणाला. साहेबांनी अंगण हळूहळू ओलांडले.

शाळेची भीती मात्र दोन ओळींनी जाणारी नव्हती. बायकोने वर्गात मुलांना सगळे खरे सांगितले: यंत्राने मागच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या प्रश्नाला दिले, ते आता सुधारले आहे, यापुढे भोंगा वाजला तर पळायचे. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, कशावरून खरं?" बायको म्हणाली, "यावरून, की मी पळणार आहे."

पुढच्या बुधवारी मुलांना न सांगता चाचणी घेतली गेली. जपूनने पडदा लावला, गरज नसताना दहा मोजले, खोका लावला आणि ठरल्या वेळी स्वतःच्या बोटाने सहा दाबून दोन दाबले. भोंगे वाजले. खिडकीतून टेकडीची पायवाट दिसत असे. तो काचेला नाक लावून उभा राहिला. पहिले मिनिट वाट रिकामी होती. मग वळणावर एक ठिपका दिसला, मग दहा, मग ओळच्या ओळ, आणि सगळे ठिपके पळत होते. सगळ्यात शेवटी, साडी खोचून, त्याची बायको पळत होती. मुलांनी तिला केव्हाच मागे टाकले होते.

त्या संध्याकाळी घरात कित्येक आठवड्यांनी कोणाचा चमचा ताटावर वाजत नव्हता. बायको पाय शेकत बसली होती. जपून दुसऱ्यांदा भात वाढून घेत होता.

"बाबा, अजून भाजी वाढू?" बायकोने विचारले आणि नियमाप्रमाणे थांबली. जपूनही थांबला. दोघांनी मनात मोजले. दहा झाले, बारा झाले.

"आहे," बाबा म्हणाले.

"कुठे आहे? ताट तर रिकामं दिसतंय."

"दोष. प्रोग्राममध्ये दोष आहे." बाबांनी मान हलवली. "साहेबांनी विचारलं होतं. पडद्याचं उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं, ते मी घातलंच नाही. चांगला प्रश्न होता."

बायको हसायला लागली. हसता हसता तिने नवऱ्याकडे पाहिले आणि तिचे हसू थांबले. जपूनने हातातला घास ताटात परत ठेवला होता. त्या दिवशी साहेबांनी एकूण तीन प्रश्न विचारले होते. पहिल्याचे उत्तर मिळाले होते, दुसऱ्याचे आत्ता आले. तिसरा होता, की चूक या माणसाची आहे?

बाबांची नजर छताकडे लागली होती.

जपूनने डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.